आमची सेवा करण्यात येते

दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वाडीची सेवा करण्यात येते. ती करायला येतं एका मोठ्या शहरातल्या महाविद्यालयाचं विद्यार्थी मंडळ. मंडळाची उद्दिष्टं दोन : ग्रामीण भागात स्वयंसेवा करणं आणि देशोदेशींच्या तरुणांमध्ये सांस्कृतिक देवाणघेवाण घडवणं. त्यामुळे आपल्या मुलांबरोबर दोन-चार परदेशी विद्यार्थीही असतात. मुलं गुणी आहेत, हसतमुख आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडतात. माझी तक्रार मुलांबद्दल नाही, सेवेबद्दल आहे, आणि ती आता कुणीतरी नोंदवायलाच हवी. वीज गेली तर वायरमनला फोन करता येतो. एस.टी. आली नाही तर आगारात जाऊन विचारता येतं. सेवा नको त्या वेळी, नको त्या जागी झाली, तर माणसाने अर्ज कुणाकडे करायचा? तुम्ही राजापूर तालुक्यातले असा की आणखी कुठले, गावात शिबिर येत असेल तर तुम्हीही हे भोगलं असणार. बसा. चहा येतोय, तोवर मी मुद्देसूद सांगतो.

पहिला मुद्दा स्वागताचा. मंडळाचं पत्र ग्रामपंचायतीत येतं : स्वयंसेवकांचं आगमन सकाळी नऊ वाजता, ग्रामस्थांनी बहुसंख्येने उपस्थित राहावं. आता पाहुणे येतात रेल्वेने, आणि राजापूर रोड हे स्टेशन राजापूर शहरात नाही. ते चांगलं लांब, डोंगरात आहे, आणि आमची वाडी शहराच्याही पलीकडे. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली, तेव्हापासून हे स्टेशन जागचं हललेलं नाही. तरी पत्रात दर वर्षी नऊच लिहिलेले असतात. शाळेतली पोरं लेझीम घेऊन उन्हात उभी राहतात, झेंडूचे हार कोमेजतात आणि पाहुणे येतात ते जेवणवेळ टळल्यावर. मग बायका ओवाळतात, नारळ दिले जातात, पेढे वाटले जातात. मंडप वाडीचा, सतरंज्या देवळातल्या, चहा-साखर घराघरांतून. ज्या वाडीला हातभार हवा म्हणून शिबिर आलं, त्या वाडीचाच पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त खर्च होतो. सेवा घेणाऱ्याने सेवा करणाऱ्याचा सत्कार करावा, ही प्रथा कधी पडली आणि कोणाच्या सहीने, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

दुसरा मुद्दा फ्लेक्सचा. तो बांधायला दोन आधार लागतात. एक म्हणजे विजेचा खांब, दुसरा माझं हापूसचं कलम. डिसेंबरात कलमं मोहोरावर येतात. बागायतदाराला विचारा, मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात आणि त्यातून फळ धरतं एखाद-दुसरं. थंडी हवी तेवढी पडावी, धुकं पडू नये, तुडतुडा येऊ नये, असं सगळं जुळून आलं तर आंबा. त्या नाजूक दिवसांत मुलं फांदीवर चढून सुतळी आवळतात. वारा सुटला की फ्लेक्स फडफडतो आणि फांदी हलत राहते. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘झाडे वाचवा’. मी विनंती केली, तर मला सांगितलं की फोटोला उजेड याच बाजूने येतो.

तिसरा मुद्दा सूचनांचा. पाहुणे येण्याच्या आदल्या आठवड्यात मंडळाचा एक पदाधिकारी येऊन आम्हांला ‘परदेशी पाहुण्यांशी कसे वागावे’ याचं प्रशिक्षण देतो. टक लावून बघू नये. तिखट घालू नये. त्यांचा पगार, लग्न, धर्म विचारू नये. कागद छापील असतो आणि घरटी एक मिळतो. हा कागद राजापुरात वाटला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. अर्जुना नदीच्या खाडीतून इथवर गलबतं येत होती, तेव्हापासून राजापूर परदेशी माणूस बघत आलं आहे. इंग्रजांनी इथे वखार घातली 1649 च्या सुमाराला. पुढे फ्रेंचांनीही घातली. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी त्याला दारूगोळा पुरवला आणि गडावर तोफा डागायलाही ते गेले. शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापुरावर येऊन वखार खणून काढली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकलं. ते सुटले 1663 मध्ये. पाहुण्याला जागा कशी द्यावी आणि तो चुकला तर काय करावं, या दोन्ही गोष्टींचा अनुभव या गावाच्या गाठीशी साडेतीनशे वर्षांचा आहे. त्या गावाला छापील कागद देण्यापूर्वी कुणीतरी एकदा विचार करायला हवा होता.

चौथा मुद्दा पाहणीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं जोडीजोडीने प्रश्नावली घेऊन घराघरांत जातात. घरात माणसं किती? कमावती किती? शौचालय आहे का? पिण्याच्या पाण्याची सोय काय? उन्हाळ्यात पाणी किती लांबून आणावं लागतं? प्रश्न चांगले आहेत. आम्ही नीट उत्तरं देतो, कारण मुलं मान खाली घालून मनापासून लिहून घेतात. पुढच्या वर्षी नवी मुलं येतात आणि तीच प्रश्नावली आणतात. शेजारच्या काकूंना तर प्रश्नांचा क्रम पाठ झाला आहे. मुलीने तोंड उघडायच्या आत त्या ‘विहीर आहे, एप्रिलात आटते’ म्हणून मोकळ्या होतात. आमच्या विहिरी एप्रिलात आटतात ही गोष्ट त्या शहरात कुठल्यातरी कपाटात वर्षानुवर्षं लिहून ठेवलेली आहे. ते कपाट कुणी उघडलं असतं तर आज काकूंच्या डोक्यावर हंडा नसता. माहिती देणं हे आमचं कर्तव्य आहे, मान्य. मग त्या माहितीचं काय झालं, हे येऊन सांगणं कुणाचंच कर्तव्य नाही का? एका पानाचा अहवाल मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला असता, तरी मी ही तक्रार मागे घेतली असती.

पाचवा मुद्दा जात्याचा. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या दिवशी परदेशी पाहुण्यांना ‘पारंपरिक घर’ दाखवायचं असतं आणि ते घर माझं ठरलेलं आहे. माळ्यावरचं जातं चार माणसांनी खाली आणायचं, खळ्यात मांडायचं आणि माझ्या आईने त्यावर दळायला बसायचं. आईचे गुडघे दुखतात. नाचणी-तांदूळ आम्ही कधीचे गिरणीत नेतो आणि वाटण मिक्सरवर होतं. पण मिक्सर फोटोत येऊ नये म्हणून त्यावर टॉवेल टाकायला सांगतात. आई बिचारी बसते, मूठभर तांदूळ भरडते. पाहुणे पोरी तिच्या बाजूला बसून खुंटा धरतात, हसतात, आणि आईलाही त्यांचं कौतुक वाटतं. त्या पोरींना खरं घर दाखवलं असतं तरी आवडलं असतं, याची मला खात्री आहे. आई मुंबईतल्या नातवंडांशी फोनवर व्हिडिओ कॉल लावून बोलते, गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या कुठे लावायच्या हे पडवीत बसून ठरवते, आणि सातबारा कोणाच्या नावावर कसा चढला हे तलाठ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक आहे. एवढी मोठी संस्कृती घरात हजर असताना परदेशी मुलींना बंद पडलेलं जातं दाखवून परत पाठवायचं, ही त्यांची फसवणूक आहे आणि आईचा अपमान आहे.

सहावा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेचा. तिच्यात लिहिलेलं असतं : दुपारी तीन ते चार, गंगादर्शन. उन्हाळे गावची गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकटते, चौदा कुंडं भरतात, काही महिने राहते आणि जाते. अलीकडे तर तिच्या येण्या-जाण्याचा नेम राहिलेला नाही. मंडळाने तिला वेळ नेमून दिली आहे. गंगा नसली की मी वाट दाखवायला गेलेला माणूस म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. जवळच गरम पाण्याचा झरा आहे, तो बाराही महिने असतो, तो दाखवा म्हणून मी दर वर्षी सुचवतो. तो पत्रिकेत नाही.

रात्रीच्या कार्यक्रमाचंही तसंच. आमच्या वाडीचं नमन आहे. नमनाला आधी गण, मग गौळण, मग वग. मृदंग तापवण्यापासून धरलं तर रात्र सरते. पत्रिकेत त्याला आठ मिनिटं. मंडळींनी कपाटातून पोशाख काढायचे, चेहरे रंगवायचे, संकासुराने टोपी चढवायची आणि गण संपत आला की निवेदिकेने ‘वेळेअभावी’ म्हणून माईक हातात घ्यायचा. गेल्या खेपेला तर पालखीही नाचवून दाखवा, अशी मागणी आली. पालखी शिमग्यात निघते. तिला मानकरी आहेत, गुरव आहेत, ग्रामदेवतेचा कौल आहे. नाताळच्या सुट्टीत ती बाहेर काढता येत नाही. हे समजावून सांगितलं, तर ‘गावकरी सहकार्य करत नाहीत’ असं कुणीतरी वहीत लिहून घेतलं. ती नोंद आजही त्या वहीत असेल आणि तिच्यावर आमचं म्हणणं कुणीही मागवलेलं नाही.

आता तासांकडे येतो, कारण इथे तक्रार गंभीर होते. राष्ट्रीय सेवा योजना आपल्याकडे 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. पहिल्या वर्षी 37 विद्यापीठं आणि 40 हजार विद्यार्थी होते. तिच्या बिल्ल्यावर कोणार्कचं चक्र आहे. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, स्वयंसेवक चोवीस तास तयार. कल्पना थोर आहे. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा नियम आहे, आणि मंडळानेही तासांचा हिशेब तसाच ठेवला आहे. एका दुपारी शेजारच्या वहिनी भाताच्या पेंढ्याची उडवी रचत होत्या. एकट्या बाईचं ते काम नाही. खालून पेंढ्या फेकायला एक माणूस लागतो, वर झेलून बसवायला दुसरा. पाहुण्यांतला एक उंच मुलगा वाटेने जात होता. तो न बोलता थांबला आणि पेंढ्या फेकू लागला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण काम झपाझप चाललं होतं. अर्धी उडवी झाली तोच एक पदाधिकारी धावत आला आणि त्याला घेऊन गेला, कारण सभामंडपात चर्चासत्र सुरू झालं होतं आणि उडवीचे तास धरले जाणार नव्हते. चर्चासत्राचा विषय होता, ‘ग्रामीण महिलांचे श्रम’. वहिनींनी उरलेली उडवी दुसऱ्या दिवशी एकट्याने रचली. त्या वाडीतल्या बाईला आठवडाभरात मिळालेली खरी मदत तेवढीच होती, आणि ती नियमबाह्य ठरली.

सगळ्यात मोठा अन्याय पाण्याच्या बाबतीत झाला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी मार्च सरला की आमच्याकडे हंडे घेऊन रांग लागते. कारण खाली जांभा आहे. तो पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून सगळं वाहून खाडीला मिळतं. यावर स्वस्तातला उपाय वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडं शिवायची, ओढ्यात आडवी रचायची, मधे चिकणमाती ठेचून घालायची आणि जादा पाण्याला सांडवा ठेवायचा. चार दिवसांचं श्रमदान. अडलेलं पाणी जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी काही आठवडे जास्त तग धरतात, गुरांना पाणी मिळतं. पण हा बंधारा घालायची वेळ एकच : पावसाळा उलटल्यावर ओढा वाहता असतो तेव्हा. म्हणजे ऑक्टोबर, फार तर नोव्हेंबरचा आरंभ. आमचा पऱ्ह्या, म्हणजे वाडीचा ओढा, दिवाळीनंतर महिन्याभरात तळ दाखवतो. मंडळ येतं डिसेंबरअखेर, कारण सहामाही परीक्षा तेव्हा संपलेली असते. मुलं कोरड्या पऱ्ह्यात सुंदर बंधारा घालतात. रचना चोख, पोती सरळ रेषेत, बाजूला मंडळाची पाटी. अडवायला पाणी नाही. पुढच्या जुलैत पहिला लोंढा ती पोती घेऊन जातो आणि ती खालच्या शेतात अडकतात. लावणीच्या दिवसांत चिखलातून ती उपसून काढायचं काम शेतकऱ्याचं. पाऊस आमच्याकडे जूनपासून पडतो, परीक्षा त्यांच्याकडे डिसेंबरात संपते, आणि या दोघांची गाठ घालून देणारा माणूस एवढ्या मोठ्या व्यवस्थेत एकही नाही.

सेवा आणि परदेशी तरुण यांचा मेळ नीट बसतच नाही, असं कुणी म्हणेल, तर तेही मी मान्य करणार नाही. पिअर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरने 1920 मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्यावर, फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त गावात पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांची माणसं तिथे एकत्र घरं उभारायला आली. 1934 मध्ये बिहारला भूकंप झाला, तेव्हा हाच माणूस मोजके सोबती घेऊन आला आणि घरं बांधायला लागला. त्याने स्थापन केलेल्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण पुढे 1950च्या दशकात बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले आणि कुष्ठरोग्यांबरोबर इमारतींच्या कामाला लागले. आनंदवनात इमारत हवी होती, त्यांनी इमारत बांधली. पुण्यात डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी खोलीच्या खिडकीतून एका मुलाला डबा देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, मुलगा मॉरिशसचा, कावीळ झालेला, आणि त्याला पथ्याचं जेवण द्यायला दुसरं कुणी नव्हतं. त्यातून परदेशी विद्यार्थ्यांसाठी काहीतरी करावं या विचाराने 1971 मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. त्या मुलीने आधी पाहिलं की समोरच्याला काय हवं आहे, आणि मग तेवढंच केलं. देवाणघेवाण एवढीच असते.

लांब कशाला जाता? आमच्याच सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पं पाहा. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही राजापूर तालुक्यातली नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा कोरलेला आहे की जवळ उभं राहून तो पुरता दिसत नाही. ही शिल्पं शोधून त्यांची नोंद करण्यासाठी सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई ही रत्नागिरीची मंडळी आपापले व्यवसाय सांभाळून वर्षानुवर्षं उन्हातान्हात सडे तुडवत फिरली. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? गुराख्यांना विचारलं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. ज्याच्या पायाखाली ते चित्र आहे त्याला ते ठाऊक असतं, हे ते धरून चालले, म्हणून आज जग बघायला येतं. आमच्याकडे येणारी मुलं त्याच चित्रांवर चपला घालून उभी राहतात, कारण जरा बाजूने चाला हे सांगणारा म्हातारा तिथेच बसलेला असूनही त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि सगळ्या बिनखर्चाच्या आहेत. शिबिर यावं, जरूर यावं. आमच्या वाड्यांत आता साठीच्या पुढची माणसं उरली आहेत, तरणे हात मुंबईला गेले, आणि वीस-बावीस वर्षांची पन्नास मुलं आठ दिवस गावात असणं ही आमच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या मंडळाला अजून समजलेलं नाही. म्हणून सांगतो : जुलैत लावणीला या, आणि तेव्हा जमत नसेल तर ऑक्टोबरात या. सहामाहीच्या तारखा विद्यापीठाला विचारून बदलून घ्या. पऱ्ह्याच्या तारखा कुणालाच बदलता येत नाहीत. यायच्या आधी ग्रामसभेत येऊन बसा आणि काय करायचं ते विचारा. जुन्या पाहणीचे निष्कर्ष सोबत आणा. परदेशी मुलांना घराघरांत एकेकटं राहू द्या, भांडी घासू द्या, भात झोडू द्या, आईशी खाणाखुणांनी भांडू द्या. नमन ठेवायचं असेल तर पूर्ण रात्र ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झोपू द्या. पेंढ्या फेकण्याचे तास धरा. हार, नारळ आणि फ्लेक्स रद्द करा. त्या फ्लेक्सच्या पैशांत बंधाऱ्याची पोती आणि शिवायची सुतळी येते.

बंधाऱ्याची जागा मी दाखवतो. वरच्या वाडीच्या खाली, जिथे दोन्ही बाजूंनी कातळ आवळत येतो, तिथे पूर्वी आमचे आजोबा दगड-मातीचा बांध घालत. तिथे बंधारा पडला तर खालच्या चार विहिरींना पाणी राहील. रिकामी पोती मी आत्तापासून गोळा करायला लागलो आहे. बांधकामवाल्यांकडून मिळतात, धुऊन वाळवून पडवीत रचून ठेवली आहेत. मंडळाच्या अध्यक्षांना पत्र टाकलं आहे, तारीख कळवा म्हणून. दसरा झाल्याबरोबरची कुठलीही तारीख चालेल.